नाव सोडणे वेगळे, नाव चोरणे वेगळे



आपल्या संप्रदायात एक वाक्य फार स्वस्त झाले आहे. "नावाचे काय घेऊन बसलात? करता करविता पांडुरंग." माणूस हे वाक्य स्वतःच्या मनाशी म्हणतो तेव्हा ती साधना असते. पण दुसऱ्याची कल्पना, दुसऱ्याचे कसब आपल्या नावावर खपवायचे आणि वर त्यालाच हे वाक्य ऐकवायचे, ही चोरी आहे. तिच्यावर पांडुरंगाचे नाव पांघरले म्हणून ती झाकत नाही. उलट दोष दुप्पट होतो, कारण आधी माणसाला लुबाडले आणि मग देवाला साक्षीला उभे केले.

हे मी कुणा दूरच्या लोकांविषयी लिहीत नाही. आषाढीला आपल्याबरोबर दिंडीत चालणारे पुष्कळजण एरवी वर्षभर हातात हत्यार धरणारे असतात. कोणी चाकण-भोसरीच्या कारखान्यात फिटर किंवा टर्नर आहे, कोणी कोल्हापूरच्या फौंड्रीत साचे घालतो, कोणी इचलकरंजीत माग चालवतो, कोणी गवंडी, कोणी सुतार, कोणी लग्नाकार्याचा आचारी. त्यांच्या गळ्यात माळ आहे. त्यांच्यावर साहेब, मुकादम आणि ठेकेदार आहेत, आणि त्यांतल्याही अनेकांच्या गळ्यात माळ आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या घरातला आहे आणि त्याचा निवाडाही घरातच व्हायला हवा.

एक उदाहरण घेऊ. ते कोणत्या एका कारखान्याचे नाही, पण यंत्रावर काम केलेल्या प्रत्येकाला ओळखीचे वाटेल. लोखंडी ब्रॅकेटला भोके पाडायचे काम आहे. एका बाजूचे भोक काठाच्या जवळ, दुसऱ्या बाजूचे जरा लांब. तुकडा फिक्श्चरमध्ये उलटा बसवला तरी बसतो, डोळ्याला फरक कळत नाही, आणि भोक भलतीकडे पडले की माल भंगारात. रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास हे अधिक होते. यंत्रावरचा माणूस महिनाभर हे पाहतो. मग त्याच्या लक्षात येते की तुकड्याच्या एका अंगाला खाच आहे, दुसऱ्या अंगाला नाही. तो सुचवतो की त्या खाचेच्या जागी फिक्श्चरवर एक पिन बसवा. सुलटा तुकडा पिनेवर बरोबर बसेल, उलटा बसणारच नाही. चूक करू म्हटले तरी करता येऊ नये अशा सोयीला जपानी लोक 'पोका-योके' म्हणतात, आणि आपल्या कारखान्यांतही आता तोच शब्द रुळला आहे.

पिन बसते, भंगार थांबते. दोन आठवड्यांनी फलकावर काइझेनचा कागद लागतो. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो, वाचलेल्या पैशांचा हिशेब, आणि कल्पना कोणाची या रकान्यात सुपरवायझरचे नाव. टाळ्या वाजतात. ज्याची कल्पना तोही मागे उभा राहून टाळ्या वाजवतो. जेवणाच्या सुटीत तो शेजाऱ्याजवळ मन मोकळे करतो, तर शेजारी म्हणतो, "माउली, तुम्ही माळकरी माणूस. अहंकार कशाला?"

आता तुम्हीच सांगा, या सगळ्यात अहंकार कोणाचा होता? ज्याने दुसऱ्याच्या रकान्यात आपले नाव लिहिले त्याला कोणी अहंकारावर प्रवचन दिले नाही. प्रवचन मिळाले ते गप्प राहिलेल्याला. आपल्या उपदेशाची दिशाच चुकली आहे. वरच्याला विचारायची हिंमत होत नाही, म्हणून आपण खालच्याला वैराग्य शिकवतो.

आता संतांच्या घरी काय चाल होती ते पाहू.

आपल्या प्रत्येक अभंगाच्या शेवटी मुद्रा असते. तुकोबांची आहे, नामदेवरायांची आहे, चोखोबांची आहे. ज्यांनी देहाचाही अभिमान सोडला त्यांनी मुद्रा का सोडली नाही, याचा विचार केला आहे का? मुद्रा म्हणजे फुशारकी असती तर ती पहिल्या चरणात आली असती. ती शेवटी येते. हे बोलणे माझ्या अनुभवाचे आहे, त्याचा भार माझ्यावर आहे, काही चुकले तर मला विचारा, असे ती सांगते. नाथमहाराजांनी तर आपल्या मुद्रेत आयुष्यभर गुरूंना, जनार्दनस्वामींना, बरोबर ठेवले. ज्याच्याकडून मिळाले त्याचे नाव घेतल्याशिवाय त्यांचा अभंग पुरा होत नाही.

परंपरा सांगते की नामदेवरायांनी शतकोटी अभंगांची प्रतिज्ञा केली आणि घरातल्या सर्वांनी ती वाटून घेतली. गोणाई, राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे सगळे त्या कामात होते आणि दासी जनाबाईही होती. आजच्या भाषेत बोलायचे तर एका मोठ्या कामावर एक अख्खी टीम होती आणि तिचे प्रमुख नामदेवराय होते. सगळे अभंग त्यांच्याच मुद्रेने बाहेर पडले असते तर कोण विचारणार होते? जनाबाई तर घरची दासी. दळणकांडण करता करता ती जे बोलली ते धन्याच्या नावावर चढवणे त्या काळी कुणाला वावगेही वाटले नसते. पण जनाबाईचे अभंग तिच्याच मुद्रेने आपल्यापर्यंत आले आहेत. ती स्वतःला नामयाची दासी म्हणवते, धन्याचा मान राखते, पण बोल तिचेच राहतात. सोयराबाईंचे बोलही चोखोबांच्या नावात विरघळून गेले नाहीत.

याच जनाबाईंच्या नावावर असा एक अभंग आहे, ज्यात कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले याची यादी दिली आहे. निवृत्तिनाथांचे बोल सोपानदेवांनी लिहिले, मुक्ताईचे ज्ञानोबारायांनी. चांगदेवांचा लेखक शामा कासार, सावतोबांचा काशिबा गुरव, चोखोबांचा अनंतभट्ट. ज्यांचे काम फक्त ऐकून लिहिण्याचे, त्यांचीही नोंद ठेवावी असे एका दासीला वाटले. ज्ञानेश्वरीचेही तसेच आहे. नेवाशाला शके 1212 मध्ये ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा तो लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव ग्रंथातच आले. त्याआधी माउलींनी आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा सांगितली आणि व्यासांचे व भाष्यकारांचे ऋणही मान्य केले. एवढा मोठा ग्रंथ स्वतःच्या प्रतिभेने उभा करणारा माणूस कोणाकोणाचे देणे लागतो ते ग्रंथातच लिहून ठेवतो, आणि आपल्याला काइझेनच्या कागदावर एका कामगाराचे नाव लिहायला जागा सापडत नाही.

आणखी एक दाखला. पुढे तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मधल्या काळात लोकांनी तिच्यात आपापल्या ओव्या मिसळल्या होत्या. नाथ स्वतः थोर कवी. त्यांना दुरुस्तीच्या निमित्ताने चार ओव्या सहज घालता आल्या असत्या. त्यांनी एकही आपली घातली नाही आणि इतरांनीही घालू नये असे बजावून ठेवले. दुसऱ्याच्या कामाला हात लावताना तो हात किती स्वच्छ असावा, याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

आता याच्या उलट बाजूचा माणूस पाहा. तुकोबारायांच्या काळी सालोमालो नावाचा एक हरिदास होता. तो तुकोबांच्या अभंगांतली मुद्रा काढून आपली घालत असे आणि ते अभंग स्वतःचे म्हणून गात असे, असे परंपरा सांगते. गाथेत त्याच्यावर अभंग आहेत, आणि त्यांचा सूर मुळीच मवाळ नाही. हे ध्यानात घ्या की हेच तुकोबा आपल्या वाणीचे श्रेय वारंवार विठ्ठलाला देतात, मी केवळ निमित्त आहे म्हणतात. ज्याने आपले बोलही आपले मानले नाहीत, तो सालोमालोवर का कोपला? "जाऊ दे, करता करविता पांडुरंग" असे म्हणून गप्प का बसला नाही?

उत्तर सरळ आहे. तुकोबांनी श्रेय विठ्ठलाला दिले होते, सालोमालोला नाही. स्वतःच्या हाताने देवाच्या पायावर ठेवलेली वस्तू तिसऱ्याने उचलून खिशात घालावी, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय सालोमालोने फसवले ते तुकोबांना कमी आणि ऐकणाऱ्यांना जास्त. अनुभव नसलेल्या तोंडून अनुभवाचे शब्द निघाले की ऐकणारा त्या तोंडावर विश्वास ठेवतो आणि पुढे त्याच्याच मागे जाऊन खड्ड्यात पडतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की नाव सोडण्याचा अधिकार ज्याचे नाव आहे त्यालाच आहे. त्याने सोडले तर तो त्याग झाला. तुम्ही त्याच्याकडून काढून घेतले तर त्याला त्याग म्हणू नका. उपवास आणि उपासमार यांत पोट सारखेच रिकामे असते, म्हणून दोन्ही एकच ठरत नाहीत.

यावर काही जण म्हणतील, "कामगाराला पगार मिळतो. त्या वेळात त्याने जे शोधले ते मालकाचे." मालाच्या आणि नफ्याच्या बाबतीत हे पुष्कळ अंशी मान्य करू. पण मालकी आणि नाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा फरक मी माझ्या पदरचा सांगत नाही. आपल्या देशाच्या 1970 च्या पेटंट कायद्यात 28 वे कलम आहे. पेटंट कंपनीच्या मालकीचे असले, तरी शोध ज्याने लावला त्याचे नाव त्यात नमूद व्हावे यासाठी ते आहे. तसे नाव लिहिल्याने मालकीचे हक्क वाढतही नाहीत आणि घटतही नाहीत, हेही तेथेच म्हटले आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 57 वे कलम असेच आहे. लेखकाने हक्क विकून टाकले तरी 'ही कृती माझी' असे सांगण्याचा त्याचा अधिकार उरतो. पिनेसारख्या लहान युक्त्या पेटंटपर्यंत पोचत नाहीत हे खरे, पण न्यायाचे तत्त्व तेच आहे. मालकाला माल मिळाला, पैसा मिळाला. नाव लिहिल्याने त्याचा एक रुपयाही कमी होत नव्हता. मग ते का लिहिले नाही? तेवढे फुकटचे देणेही ज्याला जड जाते, त्याने पगाराच्या उपकाराची भाषा करू नये.

आणि ज्यांना हे केवळ भाबडे बोलणे वाटते त्यांनी धंद्याच्या हिशेबानेही पाहावे. काइझेन हा शब्द आपण जपानकडून घेतला. तिथल्या टोयोटा कंपनीत कामगारांकडून सूचना मागवण्याची रीतसर पद्धत 1951 पासून आहे. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला जे दिसते ते कचेरीत बसलेल्याला दिसत नाही, या समजुतीवर ती उभी आहे. आपण तिचा कागद घेतला, रकाने घेतले, आधी-नंतरचे फोटो घेतले, आणि ज्या माणसासाठी तो कागद होता त्याचेच नाव गाळले.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. "कोणतीही कल्पना एकट्याची नसते. खाच कोणी पाहिली, पिन कोणी घडवली, मंजुरी कोणी दिली, सगळ्यांचाच हात लागतो." हे खरे आहे. मग सगळ्यांची नावे लिहा. दिंडीत वीणेकरी असतो, टाळकरी असतात, पखवाजी असतो, तुळस डोक्यावर घेतलेली माय असते आणि पाण्याचा हंडा घेतलेलीही असते. दिंडी सर्वांची म्हणून त्यांतल्या कोणाची ओळख पुसत नाही. पण 'आपण सगळे एक टीम' असे म्हणून शेवटी एकाच साहेबाचा फोटो लागणार असेल, तर 'सगळे' हा शब्द फक्त इतरांची नावे खोडण्यासाठी वापरला असे म्हणावे लागेल. सुपरवायझरने मंजुरी मिळवली असेल, पिनेचा पोलाद निवडला असेल, तर त्याचेही नाव तेवढ्या कामापुरते आलेच पाहिजे. त्याचे श्रेय खाऊन मी कामगाराला देऊ म्हणत नाही.

तिसरा आक्षेप माळकऱ्यांचा लाडका. "फळाची आशा धरू नये." माउली, हे तुम्ही सांगता त्या माणसाचा पगार किती, तुमचा किती? तो कंत्राटी आहे की कायम? कंत्राट संपताना कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे, हे ठरवणारा वरचा माणूस फलकावरचीच नावे पाहतो. तिथे नाव असते तर कदाचित त्याची भाकरी टिकली असती, कदाचित तो हेल्परचा ऑपरेटर झाला असता. ज्याच्याकडे नाव आहे, हुद्दा आहे, त्याला नावाची किंमत वाटत नाही हे समजू शकते. पोट भरलेल्याने भुकेल्याला एकादशीचे माहात्म्य सांगू नये.

आता चोरीचा परिणाम पाहा. सहा महिन्यांनी ओतीव माल देणारा बदलतो. नव्या तुकड्याची खाच थोडी उथळ येते. तुकडा पिनेवर टेकून तिरका बसतो, ड्रिल मोडू लागतात. ज्याच्या नावावर ही कल्पना आहे तो सुपरवायझर येतो. पिन तिथे का आहे, तिची उंची एवढीच का ठेवली, हे त्याला माहीत नाही, कारण ते त्याने शोधलेलेच नव्हते. तो पिन काढून टाकायला सांगतो. ज्याला माहीत आहे तो शेजारच्या यंत्रावर उभा असतो आणि बोलत नाही. का बोलावे? मागच्या वेळी बोलला त्याचे काय झाले? पुढल्या आठवड्यात उलट्या तुकड्यांचे भंगार पुन्हा सुरू होते.

नाव म्हणजे पत्ता. वस्तू बिघडली की कोणाच्या दारी जायचे ते नावावरून कळते. चुकीचा पत्ता लिहिला की पत्र पोचत नाही. इथे तर भंगारावरच निभावले. हीच गोष्ट क्रेनच्या साखळीची असेल, बॉयलरच्या झडपेची असेल, गवंड्याने सुचवलेल्या टेकूची असेल, तर चुकीच्या पत्त्यापायी माणूस जाईल.

आणि आणखी एक नुकसान हळूहळू होते. आपल्याकडे म्हण नसली तरी समजूत जुनी आहे की वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. कारागीर कसब का झाकतात, असे आपण तक्रारीने विचारतो. सोनार डाग लावताना पाठ का फिरवतो, आचारी मसाला घरून वाटून का आणतो, जुना टर्नर नव्या पोराला हत्याराचा कोन का सांगत नाही? त्यांतले काही कंजूष असतील. पण पुष्कळांनी एकदा उघड्या मनाने सांगितलेले असते आणि सांगितलेले दुसऱ्याच्या नावाने परत ऐकलेले असते. मग विद्या त्यांच्याबरोबरच सरणावर जाते. ती कोणी नेली? ज्याने शिकवण्याचा विश्वास मोडला त्याने.

परदेशी कोणी हे केले की आपल्याला लगेच दिसते. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलांसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. सगळा महाराष्ट्र उसळला, आणि योग्यच उसळला. कंपनीला पुढे या चपलांची प्रेरणा भारतीय पादत्राणांतून घेतल्याचे मान्य करावे लागले. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांच्या कारागिरांचे ते आहे. पण आता आपल्या गावातल्या चपलांच्या दुकानात जा. पेटीवर दुकानदाराचे नाव आहे. कातडे कमावणारा, तळ शिवणारा, वेणी घालणारी त्याची बायको यांतल्या कोणाचे नाव तुम्हाला कळते का? नवा नमुना कोणी काढला हे तुम्ही कधी विचारले का? मिलानपर्यंत पोचलेला आपला संताप शेजारच्या आळीपर्यंत का पोचत नाही?

आणि आपल्या कीर्तनाच्या फडाचे काय? कीर्तन हीही कसबाची विद्या आहे. एखाद्या म्हाताऱ्या महाराजांनी वर्षानुवर्षे चिंतन करून एका चरणाचा अर्थ उलगडावा, दृष्टांत बसवावा, आणि तो जसाच्या तसा दुसऱ्या गावच्या सप्ताहात "मला असे वाटते" म्हणून सांगितला जावा, हे आपण सगळे ऐकत आलो आहोत. गायकाने बसवलेली चाल ध्वनिफितीवर दुसऱ्याच्या नावाने येते. पखवाजी तर फलकावर असतच नाही. "देवाचेच बोल आहेत, त्यात माझे-तुझे काय" असे म्हणणारेच महाराज बिदागीच्या वेळी मात्र माझे-तुझे अचूक ओळखतात. कारखान्यातल्या साहेबाला सांगण्याआधी आपण इथे झाडू मारला पाहिजे. "हा अर्थ मी अमक्यांकडून ऐकला" एवढे म्हटल्याने कीर्तन उणे होत नाही. ऐकणाऱ्याला उलट कळते की हा माणूस ऐकणाराही आहे.

शेवटी चोखोबांची आठवण करतो. मंगळवेढ्याला भिंतीचे काम चालू असताना ती कोसळली आणि कामावरची माणसे खाली गाडली गेली, त्यांत चोखोबा होते. ज्यांनी भिंत बांधायला लावली त्यांच्या लेखी ती सगळी वेठीची माणसे होती. परंपरा सांगते की नामदेवराय तिथे गेले, त्या ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी ओळखून काढल्या आणि पंढरीला महाद्वारापाशी समाधी दिली. मजुरांच्या ढिगाऱ्यात एका मजुराला त्याच्या नावाने शोधायला कोणी गेले, तर तो आपल्या संप्रदायाचा माणूस होता. तो वारसा सांगणाऱ्यांनी जिवंत माणसाचे नाव त्याच्या डोळ्यांदेखत पुसले जाताना टाळ्या वाजवाव्यात काय?

माउली, आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही चोर नसाल. ज्याचे गेले तेही तुम्ही नसाल. बहुतेक वेळा आपण तिसरे असतो. आपण पाहिलेले असते. पिनेची गोष्ट कोणी काढली हे पाळीतल्या दहा जणांना माहीत असते आणि दहाही जण गप्प राहतात. चोरी टिकते ती या दहा जणांवर. माळकऱ्याचा शब्द लोक मानतात, तो खोटे बोलत नाही असे धरून चालतात. ही पत तुम्ही कशासाठी राखून ठेवली आहे?

करायचे फार नाही. बैठकीत कोणी दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून मांडली, तर शांतपणे म्हणा, "हो, हे आमच्या अमक्याने मागच्या महिन्यात सुचवले होते, त्यालाच पुढे बोलावू या." भांडण नको, आवाज चढवायला नको, फक्त नाव घ्या, आणि तेव्हाच घ्या. नंतर त्याच्या पाठीवर हात ठेवून "मला माहीत आहे तुझेच होते" म्हणण्याचा काही उपयोग नाही. तुम्ही मुकादम असाल, सुपरवायझर असाल, तर कागद वर जाण्याआधी तो ज्याची कल्पना त्याला वाचून दाखवा. ड्रॉइंगवर, वहीत, फलकावर तारीख आणि नाव लिहा. शिकाऊ पोराला काही शिकवताना ते तुम्ही कोणाकडून शिकलात तेही सांगा, म्हणजे त्यालाही तीच सवय लागेल.

आणि ज्याचे नाव गेले त्याला एक सांगणे. "हे मी सुचवले होते" असे म्हणणे पाप नाही. खरे सांगण्यात अहंकार नसतो. कल्पना सुचली की साध्या कागदावर आकृती काढून, तारीख घालून वरिष्ठांना द्या आणि एक प्रत जवळ ठेवा. एकदा नाव मिळाले, मग ते पांडुरंगाच्या पायावर वाहायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा. वाहिलेत तर ते तुमच्या हाताने वाहिलेले असेल, आणि तोच खरा त्याग.

पण तो वाहील की नाही, हे आपण त्याच्या वतीने ठरवायचे नाही. आपले काम एवढेच, की त्याच्या हातात वाहण्यासारखे काही शिल्लक राहावे.

रामकृष्णहरी.